पासंग

३ जून

मास्तरीणबाई,

माझं सगळं बदललं ते काल दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. धाकटीने पट्टी घेतली, पुठ्ठ्यावरच्या एका नावाच्या मधोमध ठेवली आणि सरळ रेघ ओढून ते नाव खोडलं. वेळ एवढी पक्की सांगतोय, कारण तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो.

सात महिन्यांनी पत्र लिहितोस आणि सुरुवात अशी? आधी ख्यालीखुशाली विचारायची पद्धत असते, असं तू म्हणशील. विचारतो. बरी आहेस ना? नवं गाव मानवलं का? तू जाताना जे बोललीस, "मला न विचारता माझ्या बाबांकडे गेलास, मी काय तुझ्या शोरूममधलं कपाट आहे?", त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. उत्तर नव्हतं म्हणून ओरडलो होतो की यापुढे तुला एक ओळ लिहिणार नाही. या किती ओळी झाल्या ते मोजत बसू नकोस.

धाकटी तुला आठवत असेल. तू आमच्याकडे एकदाच आलीस, तेव्हा जिने तुला दुकानातल्या नव्या काट्यावर उभं केलं आणि आकडा गल्लीला ऐकू जाईल असा वाचला, तीच. आता अठराची आहे. बारावीला तिला जे गुण पडलेत ते सांगत नाही, माझे तुला माहीत आहेत, उगाच तुलना नको.

पुठ्ठा म्हणजे मोठ्या वजनकाट्याच्या खोक्याचा. चार महिन्यांपूर्वी तिने तो उलगडून अप्पांच्या दुकानात, वजनांच्या फळीशेजारच्या खिळ्याला टांगला आणि त्यावर सात कॉलेजं लिहिली. ज्याच्या बापाच्या खिशात फी आहे तो कॉलेज निवडतो. ज्याच्या नाही, तो आकडे निवडतो. हे तिचं वाक्य. रकाने पाच: फी, मदत किती, मदत किती वर्षं, राहणं-खाणं, आणि शेवटी 'उरलं'. बाकी चार रकान्यांकडे आम्ही बघायचो. ती फक्त 'उरलं'कडे बघायची.

काल जे खोडलं ते तिचं लाडकं. आम्ही त्याला 'दगडी' म्हणायचो, काळ्या दगडाची इमारत आहे म्हणून. तिला भौतिकशास्त्र शिकायचंय, मापनाची यंत्रं बनवायची आहेत, आणि तशी प्रयोगशाळा फक्त तिथे आहे. प्रवेश मिळाला. पण मदतीचं पत्र आलं त्यात पूर्ण मदतीऐवजी जेमतेम पाव हिस्सा. ऑफिसात कुणीतरी पेंगत आकडा टाकला असणार. मी म्हटलं, जातो आणि एकेकाची कॉलर धरतो. धाकटी म्हणाली, "दादा, तू बस."

मी बसलो. तुला खोटं वाटेल.

शोरूमचं बरं चाललंय. जबाबदारी वाढली आहे.

तुझा (हा शब्द खोडायचा असेल तर पट्टी वापर)

*

९ जून

मास्तरीणबाई,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पण धाकटीबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि शोरूममधल्या पोरांना सांगितलं तर ते म्हणतात, "स्थळ बघतोयस का तिच्यासाठी?" एकाला त्याबद्दल सोफ्यावर ढकलला. सोफा विकाऊ होता, त्यामुळे बोलणी मला बसली.

तिची तयारी कशी होती ते ऐक. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दुकानातल्या फोनवरून कॉलेजांच्या ऑफिसांना फोन लावायची. आवाज असा की समोरच्याला वाटावं कुठल्या तरी मोठ्या बाई बोलतायत. प्रश्न सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. आपल्या काचेच्या कॉलेजलाही तिने लावला. हो, आपल्याच. त्यांचं माहितीपत्रक आलं होतं, एवढं गुळगुळीत की हातातून निसटावं, आणि त्यावर 'गुणवंतांना निम्मी फी माफ'. मी शेजारी उभा होतो.

"माफी किती वर्षं?"

पलीकडून काहीतरी.

"पहिल्या वर्षाचं कळलं. दुसऱ्या वर्षी?"

पलीकडून काहीतरी हसून.

"तेव्हाचं तेव्हा बघू, असं तुम्ही म्हणालात. मी तसंच लिहून घेते. तुमचं नाव काय म्हणालात?"

फोन कट. तिने पुठ्ठ्यावरचं काचेचं कॉलेज खोडलं आणि म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा म्हणजे नाही." आई आतून म्हणाली, "बडा घर पोकळ वासा." मला माझं आठवलं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर माझी माफी संपल्याची नोटीस आली, ती मी खिडकीवरच्या कारकुनासमोर फाडली आणि तिथूनच घरी आलो, ते पुन्हा गेलोच नाही. तू तेव्हा मागे धावत आली होतीस आणि म्हणाली होतीस, "एक अर्ज कर, एक! फाडण्याआधी निदान वाच तरी!" त्यावर मी तुला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही. धाकटीने चार महिन्यांत जे केलं ते एवढंच: वाचलं आणि अर्ज केले.

गंमत म्हणजे सगळ्यात महाग कॉलेज सगळ्यात स्वस्त निघालं. दगडीची फी, राहणं-खाणं धरून, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. अप्पांनी तो आकडा वाचला आणि हातातलं वजन खाली ठेवलं. पण ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे त्यांना तिथे जवळजवळ सगळं माफ, तेही चारही वर्षं, नापास झाली नाही तर. उरतात अठरा हजार. आणि आपल्या बस डेपोमागचं, जे सगळे 'परवडणारं' म्हणतात, तिथे फी साठ हजार आणि मदत शून्य. शिवाय तिथे भौतिकशास्त्रच नाही, वाणिज्य घ्यावं लागेल. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हिने प्रत्येक डोंगर जवळ जाऊन मोजला.

हे ती अप्पांकडून शिकली. अप्पांकडे काटा दुरुस्तीला आला की ते आधी त्यावर काही ठेवत नाहीत. रिकामाच बघतात. एक पारडं किंचित खाली असेल तर हलक्या बाजूला तारेचा वेढा नाहीतर शिशाची चकती बांधून दांडी सरळ करतात. तो पासंग. तो बसला की मगच वजनं. "रिकामा काटा खरं बोलत नसेल, तर भरलेला काय बोलणार?" हे आम्ही दोघं लहानपणापासून ऐकतोय. ती ऐकून शिकली, मी ऐकून कंटाळलो. तिच्या पासंगालाही मी पुरणार नाही, आणि हे मला कुणी सांगितलेलं नाही, मीच म्हणतोय, नोंद घे.

आता ती डेपोमागच्या कॉलेजात नाव घालायचं म्हणतेय. अप्पांनी विचारलं, "अगं पण दगडी का सोडलं?"

"हॉस्टेल लांब पडतं, अप्पा."

"चार महिने लांबच होतं की ते! काल काय आणखी सरकलं?"

"आता जास्त वाटतंय."

आई म्हणाली, "हिला आमच्यावाचून करमणार नाही, असं कबूल कर ना." धाकटी हसली. माझ्याकडे मात्र तिने बघितलं नाही. दिवसभरात एकदाही नाही.

अर्ज भरताना ती तीन आठवडे माझ्या मागे होती: "दादा, तुझी पगाराची पावती दे." मी "देतो, देतो" म्हणत राहिलो. शेवटी अप्पांनीच फाइल पूर्ण केली, असं ऐकतो.

असो. अपिलाची मुदत सतराला संपते. पण तिला अपील करायचंच नाहीये, त्याला मी काय करणार?

*

१४ जून

तुझं पत्र आलं. दोन ओळी. माझ्या मागच्या पत्रातल्या तीन चुका वेगळ्या कागदावर दुरुस्त करून. एवढा आनंद मला कधी चुकांचा झाला नव्हता.

आणि मग दुसरी ओळ. "फाइलमध्ये तुझ्या पगाराचा कोणता कागद गेला? बाबांना दिलास तोच का?"

हो.

आता सगळं सांगतो, मध्ये थांबवू नकोस.

मी शोरूममध्ये प्रमुख वगैरे काही नाही. सोफे उचलतो, गिऱ्हाइकाच्या जिन्यावरून वर चढवतो, दारातून आत जात नसले तर पाय काढून पुन्हा बसवतो. पगार चौदा हजार, हातात रोख. कॉलेज सोडलं त्या दिवशी अप्पांना म्हणालो होतो, "सहा महिन्यांत तुमच्या तिप्पट मिळवून दाखवतो." अप्पा सोळा मिळवतात. मी त्यांच्याएवढेही मिळवत नाही.

तुझ्या बाबांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "भावना ठीक आहेत हो, उत्पन्नाचा दाखला आणा." बँकेत कॅशियर माणूस, दुसरं काय मागणार! मी तसाच शेठकडे गेलो. शेठ, म्हणजे आमचे शोरूमवाले, पोरं त्यांना फोमशेठ म्हणतात, गादीवर रेलूनच असतात. म्हणाले, "मुलीच्या बापाला दाखवायचंय ना? मग चौदा काय लिहायचं! माझ्या सासऱ्यांना मी सहा दुकानं सांगितली होती, एक निघालं. बोल, तिप्पट लिहू?" आणि लिहिलं. बेचाळीस हजार, 'विक्री विभाग प्रमुख', खाली शिक्का. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला अभिमान. त्या कागदाची एक प्रत काढून मी कपाटात कपड्यांखाली ठेवली. अधूनमधून वाचायचो.

अप्पांना फाइलसाठी घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसाचा दाखला हवा होता. मी देत नव्हतो. ते शोधत गेले आणि त्यांना तो सापडला. आता अप्पा म्हणजे कसे, आयुष्यभर लोकांची मापं खरी करत आलेला माणूस. त्यांना वाटलं, उत्पन्न लपवून मदत घेणं बरं नाही. त्यांनी आपले सोळा लिहिले, माझे बेचाळीस लिहिले, बेरीज केली आणि पाकीट बंद करून पाठवून दिलं. वर्षाचे जवळजवळ सात लाख! खरे तीन लाख साठ हजार होते. चार लाखांच्या आत. धाकटीची पूर्ण मदत ज्याने घालवली तो ऑफिसातला पेंगणारा कारकून मीच.

मदतीचं पत्र आलं त्याच दिवशी धाकटीला हे कळलं. तिने फाइलची प्रत काढून माझा कागद बघितला. माझा खरा पगार तिला माहीत आहे, एकदा शेठकडे निरोप घेऊन आली होती तेव्हा पाकीट तिच्याच हातात दिलं होतं त्यांनी. म्हणजे एक वाक्य बोलली असती तर तिचं काम झालं असतं. "अप्पा, हा कागद खोटा आहे." तू बोलली असतीस तर, असं मी तिला आज विचारलं. दुकानात ती वजनं पुसत होती.

"का नाही सांगितलंस?"

"कुणाला?"

"अप्पांना, अजून कुणाला!"

"ते तो कागद बघून किती खूश झाले होते माहितीये? आईला म्हणाले, बघ, पोरगं बोललं ते जवळपास करून दाखवलं."

"अगं पण तुझं कॉलेज!"

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "सगळे रकाने तपासले, घरातला नाही तपासला. काटा रिकामा बघायचा राहिला." आणि पुन्हा वजनं पुसायला लागली. मला आईशप्पथ तिथेच भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. माझा राग सगळ्या गावाला माहीत आहे. पण अठरा वर्षांची पोर माझी अब्रू झाकायला स्वतःची चार वर्षं खोडते, पट्टी लावून, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून, त्या मोठेपणापुढे रागाला जागाच राहत नाही गं.

मी दगडीला फोन केला. स्वतः. तिच्याच क्रमाने विचारलं. बाई म्हणाल्या, अपिलात मालकाचं नवं पत्र हवं, आणि ज्याच्या उत्पन्नात फरक आहे त्याने स्वतः येऊन समितीसमोर सांगायचं. पालकांची सही हवी. म्हणजे अप्पांना सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

तू तुझ्या बाबांना हे पत्र दाखव. तो कागद त्यांच्याकडे असेल तर खोटा आहे म्हणून सांग. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. माझी उघडली तर चौदा हजार. त्यानंतर तुला लिहायचं नसेल तर चुका तरी दुरुस्त करून पाठव.

*

१७ जून, सकाळ

मास्तरीणबाई,

आठची बस आहे. घाईत लिहितोय, चुका असतील, तुला काम मिळेल.

आधी शेठ. परवा त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, खरं पत्र द्या. ते उठून बसले, हे मी दीड वर्षात प्रथमच पाहिलं. "म्हणजे मी खोटा?"

"आपण दोघं."

"सासऱ्याने पकडलं वाटतं?"

"बहिणीचं कॉलेज जातंय."

शेठनी शिक्क्याचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "आपलेच दात आपलेच ओठ. पहिलं पत्र माझ्या चुकीने गेलं, असंही लिहू का?" मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं. 'माल चढवणे-उतरवणे, चौदा हजार.' शिक्का मारताना म्हणाले, "प्रमुख बरा दिसत होता रे कागदावर." आणि आजची रजा दिली, पगार कापून. म्हटलं ना, शेठच ते.

मग अप्पा. काल दुपारी. ते एका जुन्या तराजूला बसले होते, जमिनीवर, चष्मा कपाळावर. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, कागद त्यांच्यापुढे ठेवला. मला वाटलं ओरडतील. मी तयारीत होतो, अगदी उलट बोलायची वाक्यंही डोक्यात होती, खोटं कशाला बोलू. दार मागे उघडंच ठेवलं होतं. आई नेहमी म्हणते, या घराच्या बिजागऱ्या माझ्या रागाने सैल झाल्यात.

अप्पांनी कागद वाचला. दोनदा. मग विचारलं, "चौदा?"

"हो."

"घरात देतोस पाच. दर महिन्याला."

"हो."

"चौदातले पाच."

ते तराजूच्या रिकाम्या पारड्यांकडे बघत होते.

"मला वाटत होतं बेचाळीसमधले पाच," ते म्हणाले. "कागद सापडल्यापासून वाटत होतं, पोरगा एवढं कमावतो आणि आईच्या हातावर पाच टेकवतो. मागायला जीभ रेटली नाही. तुझ्या आईलाही बोललो नाही." मग चष्मा खाली ओढून माझ्याकडे नीट बघितलं. "तुला हलका धरला रे मी."

मास्तरीणबाई, मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो, आणि माफी ते मागत होते. मी तिथेच जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्या हातात पक्कड आणि तारेचा तुकडा दिला. म्हणाले, "डावीकडे हलकं आहे, वेढा दे. एकच." मी दिला. काटा मध्ये येऊन थांबला. मग त्यांनी अपिलाच्या अर्जावर सही केली आणि हाक मारली, "धाकटे! तुझ्या पुठ्ठ्यावर रेघ मारलीयेस ती पुसता येते का बघ."

"शाईची आहे, अप्पा."

"मग खाली परत लिही."

तिने लिहिलं. सगळ्यात खाली, दगडी, पुढे पाचही रकाने. 'उरलं'मध्ये आकडा टाकला नाही, जागा सोडली. म्हणाली, "समिती काय म्हणते ते कळल्यावर." मी म्हटलं, अठराच लिही. तर म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा," आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून दात काढले, कार्टीने.

अर्जात माझ्यासाठीही एक ओळ आहे. 'शिक्षण.' मी 'अपूर्ण' लिहिलं. पेन तिथे जरा थांबलं. दगडीच्या बाईंना मी त्या दिवशी फोनवर शेवटी आणखी एक प्रश्न विचारला होता, मध्येच सोडलेल्यांना पुन्हा घेता का, मदत मिळते का, किती वर्षं. उत्तर लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षीची गोष्ट आहे, आत्ता त्याबद्दल एक शब्द नाही. पण फाडलेलं नाही.

आज एका खोलीत पाच अनोळखी माणसांसमोर उभं राहून सांगायचंय की मी सोफे उचलतो आणि मी खोटं बोललो. त्यातला कुणी हसला तर? धाकटी म्हणते, "हसू दे. त्यांचं हसू रकान्यात येत नाही." ती सोबत येत होती, मी नको म्हटलं. माझ्या उत्पन्नातला फरक आहे, तो मीच सांगेन.

आई दारात उभी आहे. कॉलरला इस्त्री नीट नाही म्हणते. आणि म्हणते, "जाताना दार आपटू नकोस, आजचा दिवस तरी."

पाकीट तपासलं: शेठचं पत्र, अप्पांची सही, अर्ज. तुझं पत्र वरच्या खिशात. हे वाटेत पेटीत टाकतो. बाहेर आलोय, दार ओढून घेतलंय, आणि शेवटच्या दोन ओळींना टेकू हवा म्हणून त्यालाच कागद टेकवून लिहितोय. आवाज झाला नाही. कडीसुद्धा वाजली नाही.